पुस्तकाची पट्टी कुठाय?

वाटाण्याची पट्टी मिळते, पुस्तकाची मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. पण एवढ्यानं कुणी ऐकत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पट्टी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. आम्ही पुरंदरचे शेतकरी वाटाणा, अंजीर, सीताफळ गुलटेकडीच्या मार्केटयार्डात आणतो. रात्री गाडी भरायची, पहाटे माल आडत्याच्या गाळ्यावर उतरायचा. माल विकला की हातात एक कागद पडतो. डाग किती, वजन किती, भाव काय मिळाला, हमाली, तोलाई, गाडीभाडं किती कापलं आणि शिल्लक किती, सगळं त्यावर असतं. हीच पट्टी. पट्टीत मारामारी असते, भाव पाडलेला असतो, वजनात लबाडी असते. पण भांडायला कागद तरी असतो. शेतकरी आडत्याच्या तोंडावर कागद धरून म्हणू शकतो, "हे काय लावलंय?"

त्या यार्डापासून अप्पा बळवंत चौक बसच्या एका तिकिटावर आहे. तिथं आणि आसपासच्या पेठांत मराठी पुस्तकांचा बाजार आहे. तिथं माल देणारा लेखक. त्याचा माल किती छापला, किती विकला, कुणाला विकला, हे त्याला वर्षानुवर्षं कळत नाही. विचारलं तर वर ऐकवतात, "साहित्यात पैशाचं काय बोलता?" कागदवाला पैशाचं बोलतो, छापखाना बोलतो, बांधणीवाला बोलतो, विक्रेता तर आधी कमिशनचंच बोलतो. साहित्य फक्त लेखकापाशी आलं की पवित्र होतं.

माझंच सांगतो. दहावीनंतर शाळा सुटली. पुढं आनंद यादवांची 'झोंबी' वाचली आणि वाटलं, आपल्यापाशीही सांगण्यासारखं आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी पोरगा होतो. खडी फोडणारी आई, सुकडीची रांग, विकलेली बैलं, हे सगळं पाच वर्षं रात्री बसून लिहिलं. पेठेतल्या एका प्रकाशकानं छापलं. पंधरा टक्के देऊ म्हणाले. करार करू या म्हणालो, तर म्हणाले, "विश्वास नाही का काका?" छापायच्या आधी तीनशे प्रती मीच विकत घ्यायच्या, अशी अट होती. त्या घेतल्या, सोयऱ्याधायऱ्यांत वाटल्या, शाळांना दिल्या. पुढं अकरा वर्षं दर दिवाळीनंतर मी हिशोब विचारला आणि दर वर्षी एकच उत्तर आलं, "पहिलीच आवृत्ती पडून आहे काका." मग सोलापूरकडच्या एका मास्तरांनी वाचनालयातल्या पुस्तकाचा फोटो पाठवला. आत स्पष्ट छापलेलं, 'दुसरी आवृत्ती'. प्रकाशकाला दाखवला, तर म्हणाले, "छापताना चुकून पडलं असेल."

वाटाण्याची दुसरी तोडणी चुकून होत नाही, साहेब.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. गावोगावचे लिहिणारे भेटतात, प्रत्येकाच्या पिशवीत हीच गोष्ट आहे. कुणाकडून छपाईचा सगळा खर्च घेतला आणि वर 'आमचं प्रकाशन' म्हणून नाव लावलं. कुणाकडून आयएसबीएन क्रमांकाचे पैसे घेतले. हा क्रमांक आपल्या देशात सरकार फुकट देतं, हे त्या पोराला ठाऊक नव्हतं.

प्रकाशकाची बाजू मला कळत नाही असं नाही. दोनशे रुपयांच्या पुस्तकातले सत्तर-ऐंशी रुपये वितरक आणि विक्रेता नेतात. कागद महागलाय. वाचनालयांची बिलं रखडतात. पूर्वी हजाराची आवृत्ती निघायची, आता तीनशे-पाचशेवर भागवतात. लेखकाच्या वाट्याला दहा टक्क्यांनी वीस रुपये येतात. बरं, वीसच द्या. मी टक्क्यासाठी भांडत नाही. शेतकऱ्याला कमी भावाची सवय आहे. पण वीस गुणिले किती, हे सांगायला कसला खर्च येतो? तोट्याचीही पट्टी असते. कित्येकदा आम्ही टोमॅटो विकून घरचं गाडीभाडं भरलंय, पण त्याचाही कागद मिळालाय.

"वाचकच राहिला नाही" हे दुसरं पालुपद. मग फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानात २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथली झुंबड कसली असते? हिंदीतले थोर लेखक विनोदकुमार शुक्ल यांनी २०२२ साली जाहीर सांगितलं, की आयुष्यभर लिहून आपल्याला मानधन अगदीच किरकोळ मिळतं. पुढं २०२५ साली दुसऱ्या एका प्रकाशकानं त्यांच्या एका जुन्या कादंबरीच्या मानधनापोटी तीस लाखांचा धनादेश दिला. कादंबरी तीच, लेखक तोच. प्रत्येक पुस्तकाला लाख मिळतील असं मी म्हणत नाही. पण विक्री मोजली आणि सांगितली, तर काय निघू शकतं ते बघा.

आणि हे दुखणं पुण्याला नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडं दिलं. कमिटीनं नाकारलं. त्यांच्या हयातीत ते छापून निघालं नाही. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याचे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढचे छापायचे थांबले. शेतकऱ्याचं दुःख सांगणारं एवढं मोठं पुस्तक, आणि लिहिणाऱ्याला ते पूर्ण छापलेलं बघायला मिळालं नाही. याच पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकारानं १८७८ साली ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या सभेचं बोलावणं जोतीरावांना आलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. आमच्या दुःखाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्या सभेत आम्ही येऊन काय करू, असा त्या पत्राचा रोख होता.

त्या सभेचंच पुढं साहित्य संमेलन झालं. दर वर्षी मांडव पडतो, अध्यक्षांची मिरवणूक निघते, ठराव होतात. सीमाप्रश्नाचा ठराव होतो, मराठी शाळांचा होतो, व्हायलाच पाहिजेत. पण प्रकाशकानं लेखकाला दर वर्षी विक्रीचा हिशोब द्यावा, हा ठराव घेऊन मांडवात कोण उभं राहतं? महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून पुण्यात आहे. शंभरावर वर्षांच्या या संस्थेनं कराराचा एक सोपा नमुना छापून गावोगावच्या शाखांत ठेवला, तर केवढं काम होईल.

कायदा आहे, पण तो कुणी सांगत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या लेखी सहीशिवाय त्याचा हक्क प्रकाशकाच्या नावावर होत नाही. सही केली आणि मुदत लिहिली नाही, तर हक्क पाच वर्षांपुरताच जातो. हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभर तो वापरला नाही, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास तो लेखकाकडं परत येतो. लेखक मेल्यावर साठ वर्षं हा हक्क वारसांचा असतो. म्हणजे पुस्तक ही जमिनीसारखीच इस्टेट आहे. बांधावरच्या वीतभर जागेसाठी आपण कोर्टात जातो आणि साठ वर्षांची इस्टेट मात्र चहाच्या कपावर तोंडी देऊन येतो, कारण समोरच्यानं विश्वासाची शपथ घातलेली असते.

१९८० साली चाकणला शरद जोशींनी कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आणला. तोवर शेतकऱ्यानं भाव मागणं हेसुद्धा अडाणीपणाचं समजत होते. लिहिणारा आज तिथंच उभा आहे.

माझ्या मागण्या चारच आहेत. करार लेखी असावा. प्रत्येक आवृत्तीच्या पहिल्या पानांत प्रतींचा आकडा छापावा. वर्षाला एक पट्टी द्यावी, मग शिल्लक शून्य असली तरी चालेल. आणि पुस्तक संपून पुन्हा छापायचं नसेल, तर हक्क कागदावर परत करावा. जे प्रकाशक हे आजही करतात, त्यांना याचा काहीच त्रास नाही. त्रास होईल तो आकडा लपवणाऱ्यांनाच.

वाचकांनो, तुमचंही एक काम आहे. पुस्तक घेताना पहिली पानं उलटून प्रतींचा आकडा शोधा. नसेल तर दुकानदाराला विचारा, प्रकाशकाला फोन करून विचारा. मी विचारलं तर मी भांडखोर ठरतो. गिऱ्हाइकानं विचारलं, की त्याला उत्तर द्यावं लागतं.