बांधकामाचा मुहूर्त आणि घरट्याची मुदत

नागपूर-छिंदवाडा रस्त्यालगत सौंसर तहसिलीतील शेते व संत्र्याच्या बागा जसजशा प्लॉटांत वाटल्या जात आहेत, तसतसा एक युक्तिवादही रूढ होत चालला आहे की, माणसालाच राहावयास घर नसता पाखरांच्या घरट्यांची चिंता वाहणे हा रिकामटेकड्यांचा छंद होय. यात तथ्यांश मुळीच नाही असे म्हणणारा मी नव्हे. भाड्याच्या खोलीत उमर घालविलेल्या हमालाचा स्वतःच्या छपरावरील हक्क कोण नाकारील? परंतु वाद घर बांधावे की न बांधावे हा नसून, झाड केव्हा तोडावे आणि जमीन केव्हा सपाट करावी एवढाच आहे, आणि प्रतिपक्ष नेमका हाच मुद्दा शिताफीने टाळतो.

पाखरू उडून जाईल व अन्यत्र घरटे बांधील, असे दुसरे समाधान सांगितले जाते. उडून जाते ते प्रौढ पाखरू. अंड्याला आणि पंख न फुटलेल्या पिलाला ती सोय नाही. राखी धनेशाच्या बाबतीत तर ती प्रौढ मादीलाही नाही. ऐन उन्हाळ्यात ही मादी एखाद्या जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते, चिखलाने व स्वतःच्या विष्ठेने ढोलीचे तोंड लिंपून केवळ एक अरुंद फट ठेवते, आणि आत तिची उड्डाणाची पिसेही गळून पडतात, तेव्हा त्या फटीतून वड-उंबराची फळे भरवून नर तिचा व पिलांचा निर्वाह चालवितो. अशा झाडावर करवत चालली, तर उडून जावयास उरतो तो एकटा नर. एका झाडाच्या मोबदल्यात दहा रोपे लावण्याचे जे आश्वासन तत्परतेने दिले जाते, त्याविषयी इतकेच म्हणावे की रोपाला ढोली नसते.

हे सारे भावनेचे प्रकरण आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून पाहावा. त्यातील शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंडी वा घरटी विस्कटणे यांचाही अंतर्भाव आहे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात सप्टेंबर 2022 मध्ये महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेले झाड पाडले गेले, पिले रस्त्यावर पडून मेली, आणि वनखात्याने गुन्हा नोंदविला. आणि कायदा परका वाटत असेल, तर वराहमिहिराची बृहत्संहिता काही परकी नव्हे: पलंग व आसनांसाठी वर्ज्य वृक्ष सांगताना तिने, ज्यांवर मधमाश्यांनी व पक्ष्यांनी निवास केला आहे असे वृक्षही त्यांत गणले आहेत.

आता एक आक्षेप मात्र वजनदार आहे. पाया पावसाळ्यापूर्वी भरून निघाला पाहिजे, म्हणून भूमिपूजन अक्षय्य तृतीयेला आणि साफसफाई चैत्र-वैशाखात, असा आपल्याकडील परिपाठ. आणि याच सुमारास बहुतेक पक्ष्यांची वीण सुरू असते. यावर उपाय असा की, वृक्षतोड व सपाटीकरण कार्तिक ते पौष या अवधीत, झाडाची प्रत्येक फांदी आणि ढोली तपासून उरकावे, आणि पूजन खुशाल वैशाखात करावे. गृहप्रवेशासाठी चातुर्मास संपण्याची वाट बिनतक्रार पाहणाऱ्या समाजाला मुदतीचे वावडे आहे, हे मला पटत नाही. मध्य प्रदेशात 2001 च्या अधिनियमानुसार शहरी हद्दीतील झाड तोडावयास परवानगी लागतेच. त्या अर्जावर घरट्यांच्या पाहणीचा रकाना वाढविल्याने नगरपालिकेचे दफ्तर कोलमडणार नाही.

जुन्या कवेलूंच्या घरात चिमणीला जागा आपोआप मिळे, स्लॅबच्या घरात ती मुद्दाम ठेवावी लागते, हे जाता जाता नमूद करतो. मोकळ्या प्लॉटवरील टिटवीचा प्रश्न तर त्याहूनही सोपा आहे. ती उघड्या खडीवर बहुधा चार अंडी घालते, सुमारे चार आठवडे उबविते, आणि पिले बाहेर पडताच थोड्या अवधीत चालू लागतात. तेवढ्यापुरत्या चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली, ती जागा वगळली, आणि यंत्रे दूर ठेवून पलीकडच्या बाजूचा पाया खणावयास घेतला, तर काम थांबत नाही. कंत्राटदाराची हरकत उरते ती मजुरीपुरती. पण तेवढ्या दिवसांत मजुरांना विटा वाहण्यास लावण्याची अक्कल कोणत्याही मुकादमाला शिकवावी लागत नाही.