दफ्तर उघडे, दार बंद

‘कोर्टाचे दफ्तर जनतेला खुले आहे’ हे वाक्य कानाला गोड लागते. आमचा सवाल इतकाच की, ही जनता म्हणजे कोण? दिवसाची मजुरी बुडवून कचेरीच्या खिडकीपुढे उभा राहणारा माणूस, की नोंदी घाऊक भावाने उचलून त्यांचा धंदा करणारी कंपनी? उत्तर शोधायचे तर अमेरिकेच्या एखाद्या ग्रामीण काउंटीकडे पाहावे. खुल्या दफ्तराचा डांगोरा तो देश मोठ्याने पिटतो आणि आपल्याकडची शहाणी मंडळीही पारदर्शकतेचा विषय निघाला की तिकडेच बोट दाखवतात.

त्या डांगोऱ्याला कायद्याचा आधार आहे, हे आम्ही नाकारत नाही. 1978 साली ‘निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स’ या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कोर्टाची कागदपत्रे पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा जनतेचा सर्वसाधारण हक्क मान्य केला. 1980 साली ‘रिचमंड न्यूजपेपर्स’ प्रकरणात फौजदारी खटला समक्ष बसून ऐकण्याच्या हक्काला राज्यघटनेचे संरक्षण दिले. कागदावर याहून अधिक काय हवे? पण हक्क राजधानीत जाहीर होतो आणि बजावावा लागतो तालुक्याच्या गावी. घोडे तिथेच पेंड खाते.

फेलनी म्हणजे साधारणपणे एक वर्षाहून अधिक कैदेची शिक्षा होऊ शकेल असा गंभीर गुन्हा. असे बहुसंख्य खटले केंद्राच्या नव्हे, तर राज्यांच्या कोर्टांत चालतात. ‘पेसर’ नावाची संगणकीय व्यवस्था आहे, पण ती फक्त केंद्रीय कोर्टांची आणि तीही पानाला दहा सेंट मोजून. राज्यांचा कारभार ज्याचा त्याचा निराळा. विस्कॉन्सिनमध्ये घरबसल्या, फुकट, राज्यभरचे खटले पाहता येतात. अन्यत्र काउंटी बदलली की रीत बदलते, आणि देशात काउंट्या तीन हजारांहून अधिक आहेत. एकट्या टेक्सासमध्ये 254. तिथे फेलनीचे दफ्तर डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे आणि किरकोळ गुन्ह्यांचे काउंटी क्लार्ककडे. लोकवस्ती अगदी तुरळक असेल तर दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसतो. त्याच राज्यातल्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत अवघी 64 माणसे मोजली गेली!

अशा ठिकाणी एखाद्या खटल्याचा माग काढणे म्हणजे काय? आधी गुन्हा कोणत्या काउंटीत नोंदला गेला ते ठाऊक हवे. मग नावाचे नेमके स्पेलिंग, जन्मतारीख, अंदाजे साल. त्यावरून सूचीत खटल्याचा क्रमांक सापडला, तर रोजनामा बघायला मिळतो. त्यानंतर पानागणिक नक्कल फी, आणि शिक्कामोर्तब केलेली प्रत हवी तर तिची वेगळी. जुनी प्रकरणे जाडजूड वह्यांत नाही तर मायक्रोफिल्मवर. ज्याच्याकडे गाडी, पैसा आणि सवड आहे, त्याला हे दफ्तर खुले आहे. बाकीच्यांना ‘खुले आहे’ एवढे ऐकून समाधान मानायचे.

कुणी म्हणेल, गावातल्या माणसाने खटल्यालाच जाऊन बसावे; कागद कशाला हवेत? इथेच खरी मेख आहे. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षा खटला न चालताच लागतात. सरकारी वकील आणि आरोपी यांच्यात सौदा होतो, आरोपी गुन्हा कबूल करतो आणि मामला मिटतो. साक्ष नाही, उलटतपासणी नाही. ऐकायला जायचे कशाला? आरोप काय होते, कोणते वगळले, जामिनाची रक्कम किती मागितली, वकील केव्हा मिळाला, हे सांगणारा साक्षीदार एकच उरतो. तो म्हणजे दफ्तरातला कागद. तो कागद दुर्मीळ झाला की न्यायाची तपासणीच संपली.

पूर्वी तो कागद गावाच्या वतीने वाचणारा एक माणूस असे. स्थानिक वृत्तपत्राचा बातमीदार कोर्टात चक्कर टाकी, रोजनामे चाळी. 2005 नंतर अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. बातमीदार गेला, कंपनी मात्र आली. ती जज्ज कसा वागला हे शोधत नाही, सरकारी वकिलाने कुणावर किती कलमे चढवली हे मोजत नाही. तिला फक्त नाव हवे असते, मालकाला आणि घरमालकाला विकण्यासाठी.

1989 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक बारकावा नोंदवला होता. गावोगावच्या कचेऱ्यांत विखुरलेल्या नोंदी आणि त्या सगळ्या गोळा करून एका जागी केलेला माणसाचा गुन्हे-इतिहास, यांत मोठा फरक आहे. म्हणून सरकारी संगणकातला असा इतिहास मागेल त्याला देता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. विचार शहाणपणाचा होता. पण सरकारला जी यादी देण्यास मनाई झाली, तिच्यासारखीच यादी बाजाराने तयार केली आणि दुकानात मांडली. पतमाहिती कायद्यात आज शिक्षा न झालेल्या जुन्या अटकांना साधारणपणे सात वर्षांची मर्यादा आहे, शिक्षेला नाही. एकदाची शिक्षा, जन्मभराचा शिक्का.

आणि शिक्का सगळ्यांवर सारखा उमटत नाही. देवाह पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले. 2003 साली निष्कर्ष छापून आला. तुरुंगाची नोंद असल्याचे सांगणाऱ्या गोऱ्या तरुणांना 17 टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, काहीही नोंद नसलेल्या काळ्या तरुणांना 14 टक्के ठिकाणांहून. म्हणजे कोरा दाखलाही काळ्या कातडीपुढे हरला. पतमाहिती विकणाऱ्या ट्रान्सयुनियन कंपनीने तर केवळ नाव-आडनाव जुळले म्हणून 8,185 लोकांच्या खात्यावर ‘दहशतवाद्यांच्या यादीत असू शकतो’ असा शेरा मारला होता. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी 1,853 जणांनाच नुकसानभरपाई मागण्यास पात्र ठरवले, कारण बाकीच्यांचे अहवाल कुणाला धाडल्याचे सिद्ध झाले नव्हते!

नावावरून माणूस ओळखण्याची ही तऱ्हा आम्हाला परकी वाटत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 साली आपल्याकडच्या खाजगी कंपन्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पात्रता सारखीच, पण मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश. आता आपल्या तालुका कोर्टांचे खटलेही ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतात. शेख, पठाण, सय्यद अशी आडनावे गावोगाव. एका नावाची रोमन लिपीत चार रूपे. एकाच्या खटल्याचे शिंतोडे दुसऱ्यावर उडायला किती वेळ लागतो? उलट, त्रयस्थाला खटल्याची कागदपत्रे हवी असतील तर माहिती अधिकार चालत नाही. 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार उच्च न्यायालयाच्या नियमांखाली कारण सांगून अर्ज करावा लागतो. आणि 1992-93 च्या मुंबई दंगलींचे 97 खटले सुप्त यादीत पडून होते, त्यांचा माग काढा, हे सांगायला 2022 साल उजाडावे लागले.

‘मग दफ्तरच बंद करा’ असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. बंद दफ्तराचा फायदा कमजोराला कधी झाला नाही. निर्दोष सुटलेल्याची सुटकाही त्याच दफ्तरात असते. आम्हाला हवे आहे ते उलटे दार. सत्तेने काय केले ते सगळे, खेड्यातल्या माणसालाही, विनामूल्य दिसावे. माणसाचे नाव मात्र निव्वळ जुळले म्हणून विकले जाऊ नये. अटक दाखवाल तर सुटकाही तितक्याच ठळकपणे दाखवा. शिक्षा भोगून वर्षानुवर्षे सरळ जगणाऱ्याची नोंद आपोआप झाकली जावी. पेनसिल्व्हेनियाने 2018 साली ठरावीक गुन्ह्यांपुरता तसा कायदा केला. तिथे आभाळ कोसळले नाही.

दफ्तर, दाखला, नक्कल, जामीन, वकील, फिर्याद. मराठी कचेरीचे हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच होऊन गेले. आपल्या घरात ते बहुधा भीतीने उच्चारले जातात. ही भीती टाकून आपल्या पोरांनी नक्कल अर्ज लिहायला, रोजनामा वाचायला शिकले पाहिजे. दफ्तर खुले असल्याची ग्वाही सरकारने देऊन भागत नाही. ते वाचणारा गावात असावा लागतो.