खव्याचा ठावठिकाणा

दिवाळी आली की खव्याची मागणी वाढते. म्हशींचे दूध मात्र तेवढेच राहते. खव्यातली भेसळ इथून सुरू होते. किलोभर चांगला खवा काढायला म्हशीचे चार-पाच लिटर दूध लोखंडी कढईत आटवावे लागते, तेही सतत खरवडत. हा वेळ आणि हा खर्च ज्याला नको असतो, तो दुधातली साय आधीच काढून घेतो, वजनाला स्टार्च घालतो आणि स्निग्धपणासाठी वनस्पती तूप.

झाशीपासून ग्वाल्हेर, मुरैना, भिंडपर्यंतचा मुलूख म्हशींचा आणि खव्याचा. जुलै २०१९ मध्ये मध्य प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने भिंड-मुरैनात छापे घातले, तेव्हा डिटर्जंट, शाम्पू आणि रिफाइंड तेलापासून ‘दूध’ बनवणारे कारखाने उघडकीला आले. असल्या दुधाचा खवा एकदा गाडीत चढला की तो कुठल्या शहरातल्या कुणाच्या पेढ्यात गेला, हे शोधणे फार अवघड.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘खात्रीचे अन्न’ हा विषय आम्ही घेतला तो झाशीकडे पाहून. १७४२ साली पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर इथे आले आणि त्यांच्या मागोमाग दक्षिणेतली कितीतरी मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. राणी लक्ष्मीबाईंचे लग्न लागले ते गणेश मंदिर आजही इथल्या मराठी माणसांना आपले वाटते. या घरांत चकली-अनारसेही होतात आणि बुंदेलखंडी खव्याची मिठाईही येते. घरचा पदार्थ आणि बाजारचा पदार्थ एकाच ताटात येतो, तेव्हा विश्वासाचा प्रश्न निम्मा आपल्या स्वयंपाकघराचा असतो आणि निम्मा बाजाराचा.

बाजाराच्या बाजूने कायदा आहे. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली, आणि ऑगस्ट २०११ पासून परवाना व नोंदणीचे नियम लागू झाले. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर किंवा दुकानाच्या भिंतीवर जो चौदा आकडी क्रमांक दिसतो, तो वाचायला शिकावे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे १५, उत्तर प्रदेशाचे २७. त्यानंतरचे दोन सालाचे. हा क्रमांक ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर टाकला की त्यामागे कोण आहे ते कळते.

पण या क्रमांकाला शुद्धतेचा दाखला समजणे चूक आहे. जबाबदार माणूस कोण आणि तो कुठे सापडेल, एवढेच तो सांगतो. आजची कढई कशी घासली, आजचा खवा कुठून आला, हे त्यात नाही. आयएसओ २२००० सारखी ऐच्छिक प्रमाणपत्रे थोडे पुढे जातात, कारण त्यांत धोका नेमका कुठल्या टप्प्यावर शिरतो ते हेरून रोजच्या नोंदी ठेवाव्या लागतात. तरी भिंतीवरची चौकट आणि आतली नोंदवही यांत मोल नोंदवहीचेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

तपासणीचे वेळापत्रक तर मला फार अस्वस्थ करते. सणाच्या आठवड्यात छापे पडतात, नमुने घेतले जातात, फोटो छापून येतात. अन्न विश्लेषकाने अहवाल द्यावा यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे, आणि प्रयोगशाळेला ती उगीच दिलेली नाही. म्हणजे धनत्रयोदशीला घेतलेल्या नमुन्याचा निकाल येतो तेव्हा भाऊबीज उलटून गेलेली असते आणि मिठाई पोटात गेलेली असते. तपासणी श्रावणात सुरू व्हायला हवी, तीही हलवायाच्या काउंटरवर नव्हे, दूध जमा होते तिथे.

ते शक्य आहे, याचा दाखला झाशीतच आहे. २०१९ पासून ‘बलिनी मिल्क प्रोड्यूसर कंपनी’ बुंदेलखंडातल्या गावांत दूध गोळा करते. तिच्या सभासद सगळ्या बायका. दूध गावातल्याच केंद्रावर तपासले जाते, त्याची प्रत पाहून भाव ठरतो आणि पैसे त्या बाईच्या बँक खात्यात जमा होतात. शुद्ध दुधाला जास्त दाम मिळतो, तोही तिच्या हातात, तेव्हा पाणी घालण्याचे कारणच उरत नाही. भीतीने जे होत नाही ते इथे हिशेबाने होते. मला ही गोष्ट कुठल्याही छाप्यापेक्षा मोठी वाटते.

आता आपल्या फराळाकडे. घरी चकल्या, शेव, चिवडा करून विकणाऱ्या शेकडो भगिनी आपल्या ओळखीच्या आहेत. नोंदणी त्यांनाही लागते. २०११ च्या नियमांनी छोट्यांसाठी तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. अडचण पैशांची नसते, अर्जाची असते. सोसायटीतल्या, बचत गटातल्या कुणी शिकलेल्या मुलाने तासभर बसून तो अर्ज भरून द्यावा. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, हे मात्र ज्याचे त्यानेच पाळायचे. त्यातल्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की तेल बाद, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. घरात मोजायचे यंत्र नसते. तेल काळवंडले, फेसाळले की ते टाकून द्यावे.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण विचारावे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणे बंधनकारक आहे. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या सूचनेप्रमाणे कलाकंद त्याच दिवशी, बंगाली मिठाई दोन दिवसांत, खव्याची चार दिवसांत संपवावी. तारीख नसेल तर हलवायाला विचारायला लाजू नये. घरी शंका आली तर चिमूटभर खवा पाण्यात उकळावा, गार झाल्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे.

या अंकात दूध गोळा करणाऱ्या बायकांच्या मुलाखती आहेत, हलवायांची बाजू आहे, अन्न निरीक्षकाच्या कामाचा एक दिवस आहे. कथा-कविता नेहमीप्रमाणे आहेतच.