झुको फितूर आहे का?

आपली बाजू सोडून जाणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. फितूर, घरभेदी, गद्दार. एवढ्यानं भागलं नाही तर सूर्याजी पिसाळ आहेच. पण घरातल्या मोठ्या माणसाला 'तुमचं हे चुकतंय' असं तोंडावर सांगणाऱ्या आणि तरीही त्याच्यावर माया ठेवणाऱ्या मुलाला काय म्हणायचं? मला नेमका शब्द सापडत नाही. 'आगाऊ' आणि 'उलट बोलणारा' एवढेच पटकन आठवतात, आणि दोन्ही शिव्याच आहेत. मुलांकडे या अवस्थेसाठी शब्द नसतो, म्हणून ती गप्प बसतात. तीच मुलं कार्टूनबद्दल मात्र तासभर बोलतात. माझं म्हणणं असं की त्या बोलण्याला आपण मोठ्यांनी गंभीरपणे घ्यायला हवं.

कार्टून म्हटलं की छोटा भीम आणि डोरेमॉन डोळ्यांसमोर येतात. मी म्हणते त्या मालिका जरा वेगळ्या आहेत. त्यात जादू असते, राजे असतात, ड्रॅगन असतात, पण कथानक एकच आणि लांबलचक असतं. पात्रं मोठी होतात, चुकतात, बदलतात. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही त्यातली सगळ्यांत गाजलेली. अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर २००५ ते २००८ या काळात तिचे तीन पर्वांत ६१ भाग आले. नायक आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा आहे, पण मुलांच्या तोंडी नाव असतं झुकोचं.

झुको हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. त्याच्या राष्ट्रानं शंभर वर्षं जगाशी युद्ध मांडलंय. तेरा वर्षांचा असताना तो युद्धाच्या बैठकीत बसतो. एक सेनापती नव्या, अननुभवी सैनिकांना मुद्दाम मरायला पुढे पाठवायची योजना मांडतो. झुकोला ते सहन होत नाही आणि तो बोलतो. शिक्षा म्हणून त्याला द्वंद्वाला उभं राहावं लागतं. समोर सेनापती येईल असं त्याला वाटत असतं, पण समोर येतात त्याचे वडील. तो लढत नाही, गुडघे टेकून माफी मागतो. वडील त्याचा अर्धा चेहरा जाळतात आणि त्याला देशाबाहेर काढतात. पुढं कितीतरी भाग हा मुलगा एकाच गोष्टीसाठी जिवाचं रान करतो: त्याच वडिलांनी आपल्याला परत घरात घ्यावं.

आमच्या मंडळाच्या शनिवारच्या बालवाचन वर्गात चौथी ते सातवीची मुलं येतात. पुस्तक वाचून झालं की ती काय काय बघतात यावर गप्पा निघतात. एकदा मी फळ्यावर एवढंच लिहिलं, 'झुको फितूर आहे का?' त्यानंतर पाऊण तास मला बोलायला संधीच मिळाली नाही. एक जण म्हणाला, "बाप हाय की त्यो. बापाला सोडून कोण जातंय?" दुसरी म्हणाली, "बापानंच तोंड जाळलं की त्याचं!" सगळ्यांचा आरडाओरडा थांबल्यावर एरवी गप्प असणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "तरीपण बाबांनी शाब्बास म्हणावं असंच त्याला वाटतंय. मला कळतंय ते."

याच मुलाला कुणी सरळ विचारलं असतं की तुझं आणि तुझ्या बाबांचं कसं आहे, तर 'बरं आहे' म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला असता. 'मी' म्हणायला जी भीती वाटते ती 'तो' म्हणताना वाटत नाही. काल्पनिक जगाचा हा मोठा उपयोग आहे. अग्निराष्ट्र कुठल्याच नकाशात नाही, त्यामुळे तिथल्या राजाला वाईट म्हटलं तर कुणाच्या घराचा अपमान होत नाही.

झुकोच्या गोष्टीत मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीचा टप्पा. त्याला हवं ते सगळं मिळालेलं असतं. घर, वडील, मान. आणि तरीही तो सतत चिडलेला असतो. 'सगळं मिळालं, मग हा चिडतोय कुणावर?' हा एक प्रश्न मुलांसमोर ठेवून बघा. प्रौढ माणसालाही अवघड जावं असं उत्तर दहा वर्षांची मुलं शोधून काढतात. पुढं सूर्यग्रहणाच्या दिवशी झुको वडिलांसमोर उभा राहतो, तुम्ही केलंत ते क्रूर होतं असं सांगतो आणि निघून जातो. हातात तलवारी असून तो वडिलांवर वार करत नाही. वडील वीज फेकतात, ती तो परतवतो. ती विद्या त्याला काकानं, आयरोनं, शिकवलेली असते. म्हणजे वडिलांना सोडतानासुद्धा त्याला वाचवतं ते घरातल्याच माणसानं दिलेलं शिक्षण.

'ही असली कार्टून्स मुलांना आईवडिलांच्या विरुद्ध शिकवतात' असं म्हणणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं. झुको कुटुंब टाकत नाही, कुटुंबातलं कुणाचं ऐकायचं ते निवडतो. ज्या काकाला त्यानं स्वतः दगा दिला होता त्याच्या तंबूत तो रात्रभर माफीसाठी बसून राहतो. काका जागा होतो आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याला मिठीत ओढतो. आपल्या कॉलेजात हे वाचणाऱ्या अनेकांना उधळ्या पुत्राचा दाखला आठवेल. तिथंही मुलानं मनात जुळवून आणलेलं भाषण अर्धंच राहतं.

दुसरी मालिका 'द ड्रॅगन प्रिन्स'. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर सुरू झालेली ही मालिका 'अवतार'च्या मुख्य लेखकांपैकी एक असलेल्या अॅरन एहाझ यांनी जस्टिन रिचमंड यांच्यासोबत निर्माण केली. त्यात सोरेन आणि क्लॉडिया हे भाऊबहीण आहेत. त्यांचे वडील व्हिरेन हे राजाचे जादूगार सल्लागार. सत्तेच्या मागे लागून ते एकेक पायरी उतरत जातात. सोरेन शेवटी त्यांना सोडतो. क्लॉडिया सोडत नाही. गंमत अशी की क्लॉडिया दुष्ट नाही. हसरी, विनोदी, भावावर जीव टाकणारी मुलगी आहे ती. आईवडील वेगळे झाले तेव्हाच तिचं घर एकदा मोडलेलं असतं, आता उरलेलं मोडू नये म्हणून ती धडपडते. तिचं चुकतं ते प्रेमापोटीच. वर्गातल्या मुलींनी तिची बाजू इतक्या जोरात लावून धरली की सोरेनच्या बाजूचे गप्प झाले. एकाच घरातली दोन मुलं, बाप तोच, निर्णय दोन. चर्चेला याहून चांगला विषय कुठला?

आता कुणी म्हणेल, परदेशी गोष्टी कशाला, आपल्याकडे काय कमी आहे? खरं आहे, कमी नाही. भर सभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलणारा विकर्ण कौरवच होता, आणि तो शेवटी कौरवांकडूनच लढून मेला. युयुत्सू धृतराष्ट्राचा मुलगा, पण युद्ध सुरू होण्याआधी तो पांडवांकडे गेला आणि जगला. बायबलमधला योनाथान घ्या. वडील शौल राजा दावीदाच्या जिवावर उठले तेव्हा त्यानं दावीदाला सावध केलं, वडिलांचा भाला अंगावर आला तरी केलं. पण लढाईत तो वडिलांच्या बरोबरच राहिला आणि गिलबोवा डोंगरावर दोघेही पडले. सोरेन आणि क्लॉडियाचा प्रश्न आपल्या ग्रंथांतही आहे.

अडचण एवढीच की त्या गोष्टी आपण मुलांना उत्तरासकट देतो. बिभीषण रामाकडे गेला म्हणून तो चांगला, हे मुलाला प्रश्न पडायच्या आधीच पाठ झालेलं असतं. विकर्णाचं नाव तर बऱ्याच मुलांच्या कानावरही आलेलं नसतं. झुकोचं उत्तर मात्र कुणी पाठ करून घेतलेलं नाही. त्यामुळे तिथं मूल स्वतः विचार करतं, आणि तो विचार घेऊन जुन्या गोष्टीकडे परत येतं. आमच्या वर्गात क्लॉडियावरून भांडण झाल्यावर मी विकर्णाची गोष्ट सांगितली, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मग तो गेला का नाही पांडवांकडं?" महाभारताबद्दल इतका चांगला प्रश्न मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

हे सगळं बेळगावात तर फारच जवळचं आहे. १ नोव्हेंबरला इथल्या मुलाच्या शाळेत राज्योत्सव असतो, आणि त्याच्या घरातलं कुणीतरी त्याच दिवशी काळा दिन पाळत असतं. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेचा तो दिवस, आणि मूल सकाळी एक गाणं म्हणतं, दुपारी दुसरी घोषणा ऐकतं. घरी मराठी, गल्लीत कानडी, पुस्तकात इंग्रजी, कार्टून हिंदीत. कुठल्या बाजूचा हे त्याला दोन्हीकडून विचारलं जातं. मोठ्यांच्या भूमिका काय असाव्यात यावर मी इथं बोलत नाही. त्या मुलाला त्या दिवशी काय वाटतं, हे विचारायला आपल्याला वेळ असतो का, एवढंच माझं म्हणणं आहे.

झुकोला पुढं कळतं की त्याचा एक पणजोबा युद्ध सुरू करणारा सोझिन, तर आईकडून दुसरा पणजोबा ते युद्ध थांबवू पाहणारा रोकू. हे ऐकून वर्गातली एक मुलगी म्हणाली, "माझ्यात पण दोन हायत. बाबा मराठी, आई कानडी." लगेच शेजारचा मुलगा म्हणाला, "मग त्यातलं वाईट कुठलं?" अशा ठिकाणी मोठ्या माणसानं बोललंच पाहिजे. गोष्ट आपल्या आयुष्यावर साच्यासारखी बसवायची नसते. मी त्यांना विचारलं, झुकोची आणि हिची गोष्ट कुठं जुळत नाही ते सांगा. यादी बरीच लांब झाली. शेवटचा मुद्दा त्या मुलीनंच सांगितला, "आमच्या घरात दोघंपण भांडत नाहीत, फक्त सांबार आणि आमटीवरून भांडतात."

म्हणून मंडळातल्या ज्यांना असा वर्ग घ्यायचाय, किंवा ज्यांच्या घरी धाकटी भावंडं आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, मुलांबरोबर बसून बघा. 'अवतार'चा एक भाग अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळाचा असतो, तेवढा वेळ काढता येतो. मध्येच थांबवून शिकवू नका.

दुसरी, प्रश्न पात्राबद्दल विचारा. 'झुकोच्या जागी तू असतास तर?' हा प्रश्न ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण मुलाच्या दृष्टीनं ती तोंडी परीक्षा असते आणि ते बरोबर उत्तर शोधायला लागतं. 'झुको तेव्हा गप्प का बसला?' असं विचारलं तर ते खरं उत्तर शोधतं.

तिसरी, शेवटी तात्पर्य सांगू नका. मतभेद तसेच ठेवून घरी जाऊ द्या. निष्ठा म्हणजे काय हे मुलाला एका शनिवारात कळणार नाही.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची. झुकोच्या चेहऱ्यावरचा डाग बघून एखादं मूल स्वतःच्या घराबद्दल काही सांगेल. बहुतेक वेळा ते साधं असतं. बाबांनी ओरडणं, आजीचं एका नातवावर जास्त प्रेम. ते ऐकून घ्या, घरी चहाडी करू नका. पण मारहाण किंवा त्याहून गंभीर काही असेल तर तिथं गोष्ट संपली असं समजा. वर्गासमोर आणखी विचारू नका. एकट्याला नीट ऐका, जबाबदार शिक्षकांना लगेच सांगा, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आपल्याला पाठ असू द्या. झुकोला काका होता. प्रत्येक मुलाच्या घरात आयरो असतोच असं नाही.

मुलांनी आईवडिलांचा मान राखावा असं मलाही वाटतं. पण प्रश्न विचारायची सोयच नाही म्हणून घराशी चिकटून राहिलेलं मूल आणि सगळं बघून, समजून घराजवळ राहिलेलं मूल, यांत फरक आहे. पहिलं मूल दार उघडलं की पळून जाऊ शकतं. दुसऱ्याला दार उघडं असलं तरी भीती नाही. आपली मुलं दुसऱ्या प्रकारची व्हावीत असं वाटत असेल, तर त्यांना आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घराबद्दल मोकळं बोलू द्यावं लागेल, मग ते घर अग्निराष्ट्रातलं का असेना.

पुढच्या शनिवारच्या वर्गासाठी फळ्यावरचा प्रश्नही ठरलाय. तो मुलांनीच सुचवलाय: 'क्लॉडियाला कुणी समजावलं का नाही?'