विश्लेषण : स्वमग्न मुलांसाठी बागकाम… उपचार की विरंगुळा?

दारव्ह्यातील स्वमग्न मुलाच्या पालकांना तज्ज्ञ तपासणीसाठी किंवा अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यवतमाळ गाठावे लागते. जाणे-येणे म्हणजे मजुरीचा दिवस गेला. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणीच्या हंगामात अशा खेपा सुटतात आणि उपचारही. म्हणूनच, गावातल्या गावात मुलासाठी काय करता येईल, हा प्रश्न इथे शहरापेक्षा जास्त निकडीचा आहे. बागकाम हे त्याचे एक उत्तर आहे, पण अर्धेच.

बागकाम उपचार म्हणजे काय?

प्रत्येक मुलासाठी उद्दिष्ट ठरवून, जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली नियमित केलेले बागेतील काम. वृक्षारोपण करून फोटो काढणे म्हणजे उपचार नव्हे. अमेरिकेत या क्षेत्राची संघटना 1973 पासून आहे. मातीतल्या श्रमातून माणूस उभा करण्याची कल्पना विदर्भाला तर नवी नाहीच; वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती शेती दिली. अर्थात तो आजार वेगळा, माणसे प्रौढ. स्वमग्नता हा आजारच नाही, ती मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे.

मुलांना उपयोग कसा होतो?

अनेक स्वमग्न मुलांना अनपेक्षित बदलाचा, आवाजाचा, काही स्पर्शांचा त्रास होतो. वाफ्यातले काम ठरलेल्या क्रमाने चालते : माती भुसभुशीत करा, बी टाका, पाणी द्या. हा क्रम चित्रांच्या पाट्यांवर दाखवला की न बोलणाऱ्या मुलालाही पुढचे काम कळते. झारी एकच असेल तर पाळी येण्याची वाट पाहावी लागते आणि दुसऱ्याकडून झारी मागावी लागते. संवादाचा हा सराव बाकावर बसवून होत नाही. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, त्यामुळे केलेल्या कामाचे फळ लवकर दिसते. सगळ्यांनाच ओली माती सहन होते असे मात्र नाही. एखादे मूल चिखल लागताच किंचाळते. त्याचा हात धरून मातीत घालू नये. खुरपी द्यावी, कोरड्या वाळूपासून सुरुवात करावी.

मग स्वमग्नता बरी होते का?

नाही. या विषयावरील अभ्यास बहुतांशी लहान गटांवरचे आणि थोड्या काळाचे आहेत. लक्ष टिकणे, शांत राहणे, इतरांत मिसळणे यांत सुधारणेची चिन्हे दिसतात, त्यापलीकडचा दावा कोणी करत असेल तर पैसे देण्याआधी विचार करावा. वाचा उपचार आणि व्यवसायोपचार यांची जागा बाग घेऊ शकत नाही.

दारव्ह्यात हे कुठे करायचे?

नवे उद्यान उभारण्याची गरज नाही. प्रधानमंत्री पोषण योजनेत शाळांच्या परसबागांना प्रोत्साहन आहेच. दिव्यांग हक्क कायदा 2016 ने स्वमग्नतेचा समावेश 21 प्रकारच्या अपंगत्वांत केला आहे आणि समावेशक शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. परसबागेतील दोन वाफे आणि समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकाचे आठवड्यातील ठरलेले दोन तास एकत्र आले तरी सुरुवात होईल. अडचण जागेची कमी आणि माणसाची जास्त आहे. एका शिक्षकाकडे अनेक शाळा असतील, तर बाग कागदावरच राहील. ही पदे भरणे हे शासनाचेच काम.

सुरक्षेबाबत यवतमाळ जिल्ह्याने विशेष जागरूक असले पाहिजे. 2017 मध्ये इथे कीटकनाशक फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. काही स्वमग्न मुले माती, पाने, हाती येईल ते तोंडात घालतात. त्यामुळे या वाफ्यांत आणि शेजारीही फवारणी नको. फवारणीचे रिकामे डबे पाण्यासाठी तर मुळीच नकोत. कण्हेर आणि धोतरा काढून टाकावा. पाण्याची ओढ आणि अचानक पळून जाण्याची सवयही अनेकांत असते, म्हणून कुंपण आणि टाक्याला झाकण हवेच.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा बहुधा पाऊसही आलेला असतो. पेरणीला तोच मुहूर्त चांगला. खरी परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत होते. शाळेला कुलूप, वाफे सुकलेले आणि रोजचा क्रम तुटलेला. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात मुलाच्या घरी तीच मेथी, तशीच झारी आणि पाट्यांचा एक संच पोहोचवावा लागेल.