काळजाचा ठोका चुकतो तेव्हा

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्नपत्रिका हातात पडण्यापूर्वी तुम्ही आपली नाडी कधी मोजून पाहिली आहे काय? नसेल तर येत्या चाचणीला जरूर पाहा. एरवी मिनिटाला ७५-८० पडणारे ठोके शंभराच्या पुढे गेलेले आढळले, तर नवल नाही. अशा वेळी आमच्या बीड जिल्ह्यात मोठी माणसे दोनच वाक्ये बोलतात. एक, ‘पोराचं काळीज कच्चं आहे’. दुसरे, ‘काही नाही, टेन्शन घेतलंय.’ ही दोन्ही विधाने काहीही न मोजता केलेली असतात, आणि पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ती खटकतात.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक बारीकशी गाठ असते. ठोक्याचा विद्युत्स्पंद तेथून निघतो. मज्जातंतूंचा संबंध तोडला तर तरुण माणसाची ही गाठ मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. म्हणजे स्वस्थ बसलेले हृदय हे ब्रेक लावून चालविलेल्या सायकलीसारखे आहे! हा ब्रेक म्हणजे मेंदूकडून येणारा व्हेगस मज्जातंतू. भीती वाटताच आधी ब्रेक सुटतो. मग ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि वेग आणखी वाढतो. यात काळीज कच्चे असण्याचा प्रश्नच येत नाही. नाडीवर बोट ठेवून अगदी सावकाश श्वास घ्या आणि सोडा. श्वास घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. ब्रेक काम करतो आहे याचा हा पुरावा, तोही बिनखर्चाचा.

आणि ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणतो तेव्हा? खरे पाहता तेथे ठोका चुकत नाही, एक ठोका वेळेआधीच पडतो. हृदय पुरते भरलेले नसल्याने तो मनगटाशी जाणवत नाही. मग थोडी लांब विश्रांती, आणि पुढचा ठोका भरल्या हृदयाचा, म्हणून छातीत धडकन लागतो. निरोगी माणसातही हे अधूनमधून घडते.

मग ताण निरुपद्रवीच म्हणावा काय? तसे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे असाच पहाटे भूकंप झाला. त्या परगण्यात आदल्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक दगावणाऱ्यांची रोजची सरासरी ४.६ होती, त्या एका दिवशी असे २४ जण गेले. त्यांतील फक्त तिघे काही विशेष श्रम करीत होते. पुढच्या सहा दिवसांत मात्र ही सरासरी २.७ वर उतरली. याचा अर्थ तुम्हीच लावून पाहा. धक्का सर्वांनाच बसला होता. पण बळी गेली ती बहुधा आधीच दुखावलेली हृदये.

म्हणूनच ते दुसरे वाक्य मला अधिक धोक्याचे वाटते. काही मुलांच्या हृदयात जन्मतःच विद्युत्दोष असतो: प्रत्येक ठोक्यानंतर पेशींना पूर्ववत होण्यास जास्त वेळ लागतो. अशा मुलाला धावताना, किंवा गजराच्या घड्याळाने दचकूनसुद्धा, प्राणघातक लय लागू शकते. हा दोष ई.सी.जी.च्या कागदावर पुष्कळदा ओळखता येतो आणि त्यावर औषधे आहेत.

शिक्षकहो, प्रार्थनेला उन्हात उभे राहून, उपाशीपोटी आलेली चक्कर निराळी. ती बहुधा साधी असते. परंतु धावता धावता किंवा दचकून एखादी मुलगी कोसळली, तर ‘नखरे करते’ म्हणू नका, अंगारा लावून घरी पाठवू नका. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या, ई.सी.जी. काढायला सांगा, आणि तिच्या घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक गेले होते काय, हे विचारून डॉक्टरांच्या कानावर घाला.