बिनभाड्याची बिऱ्हाडे

रिसोड तालुक्यातील केनवड आणि त्याच्या आसपासचा मुलूख हा सोयाबीन-तुरीचा. येथील कोरडवाहू शेतकऱ्याने आठ हजार रुपयांचा साधा स्मार्टफोन घ्यावयाचे ठरविले, तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेल्या ५,३२८ रुपये हमीभावाने हिशेब धरला तरी त्याला दीड क्विंटल सोयाबीन मोजावे लागते. प्रत्यक्ष बाजारात हमीभाव किती जणांच्या पदरी पडतो, हे वाशीम जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. एवढे मोल देऊन आणलेली वस्तू तो घरी उघडतो तेव्हा तिच्यात आधीच पाचपंचवीस बिऱ्हाडे थाटलेली असतात. कोणी खेळ घेऊन बसलेला, कोणी बातम्यांच्या नावाखाली भडक मथळे घेऊन, कोणी खरेदीचे दुकान मांडून, कोणी ‘तात्काळ कर्जा’ची पाटी लावून. यातील एकालाही त्याने बोलाविलेले नाही. काही हाकलता येतात, काही केवळ गप्प बसविता येतात, आणि काहींना हात लावण्याचा अधिकारच मालकाला नाही.

आमच्या काही मित्रांना हा विषय चैनीचा वाटेल. पीकविमा, सोयाबीनचा भाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी एवढे प्रश्न उभे असताना फोनमधील ॲपची चर्चा ती काय करावयाची, असे ते विचारतील. परंतु हे सारे प्रश्न आता फोनच्या दारातूनच सरकारपर्यंत पोहोचतात, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आणि आपल्या पेऱ्याची नोंद सातबाऱ्यावर यावी म्हणून शेतकऱ्याने बांधावर उभे राहून छायाचित्र काढण्याची प्रथा पडली. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ या ॲपवरून भरले गेले. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरीही ॲपवर छायाचित्र चढवून घेण्याचे बंधन आले. अशा वेळी ‘जागा शिल्लक नाही’ असा निरोप फोनवर आला, की शेतकरी काय पुसून टाकतो? घरच्या लग्नाची छायाचित्रे पुसतो. मेलेल्या आईचा आवाज साठवलेला असेल तर तोही पुसतो. कंपनीने बसविलेला खेळ त्याला पुसता येत नाही. ३२ जीबी म्हणून विकलेल्या फोनमध्ये दहाबारा जीबी, कित्येकदा त्याहूनही अधिक जागा पहिल्या दिवशीच व्यापलेली असते. खोक्यावर मात्र ३२ हाच आकडा छापलेला असतो. वजनकाट्यावर असा प्रकार झाला असता तर वैधमापन निरीक्षकाने व्यापाऱ्यावर खटला भरला असता.

तोकड्या फोनवर सक्तीचे ॲप लादले की काय होते, हे महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी साऱ्या देशाला दाखवून दिले आहे. शासनाने त्यांना दिलेल्या फोनची स्मृती अवघी २ जीबी होती. ‘पोषण ट्रॅकर’ हे केंद्राचे ॲप त्यावर धड चालेना. फोन तापत, मध्येच थिजत, दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करावा लागे, आणि वर ॲपची भाषा इंग्रजी! २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन थप्पीने प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. त्या आंदोलनाची वृत्तपत्रांनी घेतलेली दखल त्याच्या महत्त्वाच्या मानाने अगदीच अपुरी होती. यंत्राविषयीचा हा बहुधा आपल्याकडील सर्वांत मोठा सामुदायिक नकार होय. तो दिला गावोगावच्या बायकांनी. संगणकशास्त्र शिकलेल्या कोणी नव्हे. त्यांचे म्हणणे साधे होते. काम आम्ही करू, पण ज्या साधनाने करावयाचे ते साधन आमच्या ताब्यात, आमच्या भाषेत आणि कामाला पुरेल असे असले पाहिजे.

आता या बिऱ्हाडांचे अर्थकारण पाहू. स्वस्त फोन विकणाऱ्या कंपन्यांचा नफा फोनवर फारसा नसतो. शाओमी या चिनी कंपनीने २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीरच करून टाकले, की यंत्रसामग्रीवरील निव्वळ नफा आपण ५ टक्क्यांवर जाऊ देणार नाही. मग पैसा येतो कोठून? जाहिरातींतून, आणि फोनमध्ये जागा मिळावी म्हणून इतर कंपन्या जे मोजतात त्यातून. म्हणजे केनवडच्या ग्राहकाने दीड क्विंटल सोयाबीन देऊन फोन घेतला आणि कंपनीने त्याच ग्राहकाचे लक्ष दुसऱ्यांदा तिसऱ्याला विकले. ‘म्हणून तर फोन स्वस्त मिळतो’ हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदी खोटा नाही. परंतु तो सौदा खरा असेल तर ग्राहकापुढे उघडपणे मांडावा: ॲपांसह फोन इतक्याला, ॲपांशिवाय इतक्याला. असे दोन दर कोणत्याही दुकानात ऐकू येत नाहीत. आणि महागड्या फोनांतही बिनबोलावलेली मंडळी असतातच, याचे उत्तर या युक्तिवादात नाही.

कर्जाच्या ॲपांबाबत तर अधिकच सावध राहावयास हवे. २०२५ च्या जानेवारीत थायलंडमध्ये ओप्पो आणि रिअलमी यांच्या फोनांत कर्ज देणारी ॲप आधीच बसविलेली आढळली. ग्राहकांना ती काढता येत नव्हती. तेथे गहजब झाला, नियामकाने कंपन्यांना बोलावून घेतले आणि कंपन्यांना माघार घ्यावी लागली. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजसाठी विदर्भातील जे सहा जिल्हे निवडले गेले, त्यांत वाशीम होता. सावकाराच्या ओट्यावर जाताना निदान चार लोक पाहतात याची लाज होती. खिशातल्या सावकाराला ओटाही नाही आणि साक्षीदारही नाही.

आपल्याकडे कायद्याने काहीच केले नाही असे नाही. २०१८ मध्ये तीन तरुणांनी गुगलविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. अँड्रॉइड फोन बनविणाऱ्यांवर गुगलचा सबंध ॲपसंच बसविण्याची सक्ती होते, हे आयोगाने मान्य केले आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. गुगलने आपली आधीच बसविलेली ॲप काढून टाकण्यास ग्राहकाला अडवू नये, असाही आदेश त्यात होता. सर्वोच्च न्यायालयाने १९ जानेवारी २०२३ रोजी स्थगिती नाकारली, तेव्हा कंपनीने फोन उत्पादकांना सुटी ॲप घेण्याची मुभा देऊ केली. पुढे २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम केला, पण ॲप काढू देण्याविषयीचा नेमका तोच आदेश रद्द ठरविला. सामान्य माणसाच्या हाती काही येणार होते ते एवढेच, आणि तेच निसटले. दक्षिण कोरियाने २०१४ मध्येच ही ॲप काढता आली पाहिजेत असा दंडक घातला. युरोपीय संघात मोठ्या कंपन्यांवर तसे बंधन २०२४ च्या मार्चपासून आहे. आपल्या ग्राहकाला मात्र अजून कंपनीच्या मर्जीवर राहावे लागते.

येथवर समाजवाद्यांचे एकमत होईल. कसोटी पुढे आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने सर्व फोन उत्पादकांना व आयातदारांना आदेश दिला: ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनवर बसवा आणि त्याचे कार्य कोणत्याही प्रकारे बंद वा मर्यादित होऊ देऊ नका. जे फोन कारखान्यातून निघून गेले आहेत त्यांच्यात ते अद्ययावतीकरणातून पाठवा. ओरड झाली. २ डिसेंबरला मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी ‘नको असेल त्याने काढून टाकावे’ असे सांगितले आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ॲप निरुपयोगी होते असे नाही. हरवलेला फोन बंद करणे, फसव्या दूरध्वनींची तक्रार करणे ही कामे उपयोगाचीच. ‘सरकार म्हणजे काही कंपनी नव्हे, त्याने बसविले तर काय बिघडले’, असे आपल्यातलेही काही जण त्या वेळी म्हणाले. हे मत मला मुळीच मान्य नाही. रशियाने १ एप्रिल २०२१ पासून देशी ॲप बसविणे सक्तीचे केले आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून ‘मॅक्स’ हे संदेशवहनाचे ॲपही त्या यादीत घातले. कंपनीने पाडलेली वाट पुढे सत्ताही वापरते, आणि सत्तेला हाकलणे अधिक कठीण. नफ्यासाठी घुसलेल्याला विरोध आणि लोककल्याणाच्या नावाने घुसलेल्याला मोकळीक, ही भूमिका टिकणारी नाही. उंबरठा ज्याचा, परवानगी त्याची.

कार्यकर्त्यांनी आज काय करावे? फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स’ या यादीत जाऊन नको ते ॲप उघडावे. ‘अनइंस्टॉल’ दिसले तर काढून टाकावे. ते नसेल तर ‘अक्षम करा’ किंवा ‘बंद करा’ असा पर्याय बहुधा सापडतो. अक्षम केल्याने मूळ ॲपची जागा परत मिळत नाही, कारण ते फोनच्या बंदिस्त कप्प्यात असते. पण ते चालणे थांबते, सूचना थांबतात, वाढवलेला पसारा निघून जातो. संगणकाला तार जोडून आज्ञा देण्याचा एक मार्ग जाणकार तरुण वापरतात. त्यानेही ॲप केवळ वापरकर्त्याच्या नजरेआड होते. फोन मूळ स्थितीत आणला की पुन्हा हजर. ज्याचे काम कळत नाही अशा भागांना हात लावू नये, एखादा कळफलक किंवा ‘वेबव्ह्यू’ बंद करून बसलात तर बँकेचे ॲपही अडून राहील. खोक्यावर एकूण जागेशेजारी प्रत्यक्ष मोकळी जागा छापलीच पाहिजे आणि फोन चालण्यास आवश्यक नसलेले प्रत्येक ॲप, खाजगी असो वा सरकारी, समूळ काढता आले पाहिजे, या दोन मागण्यांचे निवेदन तालुका शाखांनी ग्राहक व्यवहार खात्याकडे पाठवावे, आणि त्यावर सह्या गोळा करताना सुरुवात अंगणवाडीपासून करावी.